नव्वदपैकी सव्वीस

कात्रज, पुणे
रविवार, दुपार (जेवण झालेलं आहे, त्यामुळे शांत डोक्याने लिहितो आहे)

आदरणीय शहेजाद दूल्हाभाई यांस,

मुनव्वरचा सलाम. आपला गुडघा कसा आहे? आयेशा आपाचं ब्लडप्रेशर? कारखान्यातली कापसाची धूळ आपल्या खोकल्याला मानवत नाही हे मी दर ईदला सांगतो आणि आपण दर ईदला खोकून दाखवता, तेव्हा त्याचीही चौकशी केली असं समजावं. आम्ही इकडे खुशाल आहोत. खरं तर हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण बक्षीस समारंभाला आज सतरा दिवस झाले आणि आपण माझा फोन उचललेला नाही. (एकदा उचललात, पण तो चुकून उचलल्याचं आपणच सांगितलंत आणि ठेवलात.) म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण त्याआधी ते कोणाचं आहे एवढं तरी वाचावं लागतं.

आपला एजाज ज्या 'कात्रज घोणस' संघातून पगारी बेसबॉल खेळतो, त्या संघाचा अधिकृत गुणलेखक तुम्हाला कोणी केलं, असं आपण समारंभात चारचौघांत विचारलंत आणि उत्तराला थांबला नाहीत. ते उत्तर आता देतो. संघाचे मालक माझे शनिवार पेठेतल्या शाळेतले विद्यार्थी. गणितात त्यांना सहामाहीला एकतीस पडत होते, उरलेले चार मी शोधून काढले. (मार्क पेपरात असतातच, तपासणाऱ्याची नजर प्रेमळ हवी.) बेसबॉल मला कळत नाही असं मी स्वच्छ सांगितलं, तर म्हणाले, सर, आम्हालाही फारसा कळत नाही, पण तुम्ही गणिताचे. सर्पोद्यान जवळ म्हणून संघाचं नाव घोणस. छातीवरचं चित्र पाहून लहान मुलं त्याला गांडूळ म्हणायची. चोवीसपैकी एकोणीस सामने हरल्यावर मोठी माणसंही तेच म्हणू लागली.

आता आपल्याला नियम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. फलंदाजाने बॉल मारला आणि तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचला, की एकच माणूस ठरवतो: हे त्याचं कर्तृत्व, म्हणजे हिट, की बॉल अडवणाऱ्याची चूक, म्हणजे एरर. हिट लिहिली तर फलंदाजाची सरासरी वाढते, एरर लिहिला तर कमी होते. तो एकच माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाला असा अधिकार द्यायला नको होता. पहिले दोन महिने मी आपल्या संघातल्या एकाही पोराच्या नावावर एरर लिहिला नाही. बॉल पायांतून जावो नाहीतर डोक्यावरून जावो, पोरगं बिचारं उन्हात धावत तर होतं! मी समोरच्या फलंदाजाला हिट देऊन मोकळा व्हायचो. परिणाम असा, की घोणस संघ गुणतक्त्यात तळाला आणि क्षेत्ररक्षणाच्या आकडेवारीत पहिला. मग एके सकाळी आमचा बॉल टाकणारा ज्ञानदेव घरी आला. हा वाशिमकडचा, बोलायला गरीब. जुबेदाने पोहे दिले ते त्याने संपवले. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "सर, बॉल त्यायच्या हातातून पडते, अन् रेकॉर्ड माहा खराब होते." मी फुकट वाटलेली प्रत्येक हिट बॉल टाकणाऱ्याच्या नावावर चढत होती. एकाला दिलेले ग्रेस मार्क दुसऱ्याच्या पेपरातून कापले जातात, हे गणिताच्या मास्तरला बासष्टाव्या वर्षी कळलं.

त्या दिवसापासून मी कडक झालो. इतका, की मैदानात पोरं मला पाहून शर्ट आत खोचायला लागली. आणि नेमका तेव्हाच शेवटचा सामना आला. मोसमातल्या सर्वोत्तम सरासरीचा करंडक आपला एजाज आणि संघातलाच शुभंकर यांच्यात अडकला होता. करंडक आणलास तर आणखी एक वर्ष खेळ, नाहीतर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कारखान्यात गाद्या भरायला बस, ही आपली अट मला माहीत होती. (सगळ्या हडपसरला माहीत होती. आपल्याला आवाज देवाने भरपूर दिला आहे.) आठव्या डावात एजाजने बॉल मारला, तो समोरच्या संघाच्या तिसऱ्या बेसवाल्याच्या अंगावर गेला, पुढे निसटला, आणि एजाज पहिल्या बेसवर पोचला. मी एरर लिहिला. सख्खा भाचा आहे म्हणून झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, हे त्याचं कारण मी समारंभात मान ताठ ठेवून सांगितलं. शुभंकरच्या शंभर खेपांपैकी एकोणतीस हिट, म्हणजे .२९०. एजाज नव्वदपैकी सव्वीस, म्हणजे .२८९. एका हजारांशाने गेला.

समारंभाबद्दल काय लिहावं! मालक उदार. खेळाडू अठरा आणि करंडक सतरा. सर्वाधिक होमरनचा करंडक दोन होमरनवाल्याला मिळाला. सर्वाधिक बेस चोरणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला जुबेदाने नकार दिला. ज्ञानदेवला मोसमातला सर्वांत सहनशील खेळाडू म्हणून गौरवलं, आणि ते देताना मालकांनी माझ्याकडे का पाहिलं कोण जाणे. एकाला तर बसला वेळेवर येतो म्हणून करंडक होता. रिकाम्या हाताने उभा होता तो फक्त एजाज. आणि आपण तिथेच, आइस्क्रीमच्या रांगेत, त्याला झापलंत. तो खाली मान घालून ऐकत राहिला, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, दूल्हाभाई. मी आइस्क्रीम घेतलंच नाही.

आपाला सलाम, एजाजला दुआ. गुडघ्याला तेल चोळत जा.

आपला मेहुणा,
मुनव्वर

ता. क. १: बुधवारी एक तारीख आहे. पोराला आणखी एक मोसम खेळू द्या. गाद्या काय, पुढच्या वर्षीही भरता येतील.

ता. क. २: वर कारण लिहिलं ते खोटं आहे. ते पान बदलायचं म्हणून तीनदा हाती घेतलं आणि तीनदा ठेवलं. एजाजने बॉल मारला तेव्हा मी मैदानाकडे पाहतच नव्हतो. आपाने त्याच्यासोबत माझ्यासाठी शामी कबाबचा डबा धाडला होता, आणि मी चौथा कबाब पावात घालत होतो. मान वर केली तर एजाज बेसवर आणि तिसरा बेसवाला जमिनीवर लोळलेला. काय झालं हे शेजाऱ्याला विचारायची लाज वाटली, म्हणून एरर लिहून टाकला. दुसऱ्या आठवड्यात व्हिडिओ पाहिला. बॉल इतका जोरात होता की कोणालाच अडवता आला नसता. ती हिट होती. निर्णय चोवीस तासांत बदलता येतो, पण ते चोवीस तास केव्हाच संपले होते. आणि एजाजला सगळं माहीत होतं. बेसवरून त्याने माझ्याकडेच पाहिलं होतं, माझ्या हातात कबाब होता. सामन्यानंतर तो माझ्यापाशी आला. मला वाटलं आता भांडेल. "मामू, डबा द्या, अम्मीला परत न्यायचाय," एवढंच म्हणाला. आपण त्याला झापत होतात तेव्हाही त्याने माझं नाव घेतलं नाही. तपासणाऱ्याने केलेल्या चुकीसाठी पोराला नापास करू नका. एकतीस वर्षं मी इतर मुलांचे पुनर्तपासणीचे अर्ज भरून दिले, हा पहिला मी स्वतःसाठी करतो आहे.

ता. क. ३: जुबेदा म्हणते, पत्र लांबलं आहे, आणि दूल्हाभाई पेपरसुद्धा शेवटच्या ओळीपासून वाचतात. म्हणून शेवटची ओळ: एजाज, नव्वदपैकी सत्तावीस, सरासरी .३००. पुन्हा तपासलं, उत्तीर्ण.