डावीकडे तक्रार, उजवीकडे फोटो

३ मार्च, दुपार

रोजनिशी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लिहायची होती. पहिला दिवस होऊन बरेच दिवस झाले. आळस नाही. रोजनिशीची विंडो स्क्रीनवर नक्की कुठे असावी, हे ठरत नव्हतं, आणि कुठेही उघडून खरडत बसणाऱ्यांपैकी मी नाही. आज ठरलं. खाली, उजव्या कोपऱ्यात, लहानशी. सेटिंगमध्ये 'कायम सगळ्यांच्या वर' असं टिक करून टाकलं. आता ही कशाखाली दबणार नाही.

काम फालतू आहे. बस कंपनीचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस. डावीकडे प्रवाशाची तक्रार उघडायची, उजवीकडे गोदामातल्या वस्तूंचे फोटो. तक्रार आणि वस्तू जुळली की जोडी लावायची, खाली गोदामवाले काका ती वस्तू मालकाला पाठवतात. माकडालाही जमेल. शेजारच्या टेबलावरच्या टकटकला तर छानच जमतं. (टकटक हे तिच्या टायपिंगवरून मी ठेवलेलं नाव. खरं नाव विचारण्याइतकी ओळख मला वाढवायची नाही.)

महिनाअखेरीला मॅडम ठरवणार, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. भावोजींनी घरी जाहीर केलंय, नोकरी टिकली तर मागची खोली माझी. नाही तर तिथे त्यांची व्यायामाची सायकल. बायकोच्या सख्ख्या भावापेक्षा ज्याला जागच्या जागी फिरणारं चाक जवळचं, त्या माणसाबद्दल आणखी काय लिहायचं?

५ मार्च

स्क्रीनचे चार भाग केले. तक्रार, फोटो, कॅल्क्युलेटर (लागत नाही, पण चौथाई रिकामी दिसते) आणि रोजनिशी. मागे सरून पाहिलं. डोळे निवले.

टकटकच्या स्क्रीनवर विंडोवर विंडो, रद्दीच्या गठ्ठ्यासारख्या. विचारलं, हवं ते सापडतं कसं? म्हणाली, शोधते. जंगली! तिला चौथाईची पद्धत नीट समजावली. म्हणाली, झालं असेल तर माझ्या खुर्चीवरून उठा.

शिकवणाऱ्याने जोडी लावायची दोन बटणं सांगितली होती, 'जतन' आणि 'पक्की करा'. मला एकच दिसतंय. दुसरं अपडेटमध्ये काढलं असणार. बरं केलं. एका कामाला दोन बटणं कशाला?

९ मार्च

मॅडमचे मेसेज मधेच टपकतात आणि मांडणीची वाट लावतात. बाईंचा आवाजही तसाच, बस मागे घेताना वाजतो तो. त्यांचे मेसेज उचलून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकले. नाव दिलं 'संवाद'. रोज संध्याकाळी तिकडे एक चक्कर मारायची असा नियम केला.

पोपटाच्या डोक्याच्या मुठीची एक छत्री सापडली. फोटो मोठा करून दुपारभर पाहिला. तंबू ठोकायच्या कामावर होतो तेव्हा आमच्या मुकादमाकडे अशीच होती. ती नोकरी का सोडली आठवत नाही. बहुतेक तेही असेच लोक होते.

संध्याकाळी चक्कर राहिली.

१२ मार्च

गोदामवाले काका जिना चढून वर आले, खास माझ्यावर ओरडायला. माल येतोय, जात नाही म्हणे. त्या पोरीच्या जोड्या खाली येतात, तुझी एक येत नाही, वर बसून काय अंडी उबवतोस का? मी शांतपणे सांगितलं, मी बटण दाबतो, हिरव्या अक्षरांत 'जतन झालं' असं येतं. म्हणाले, हिरवं काय, गवतही असतं. टकटक हसली. हिशेब चुकता करीन.

दोष खालच्या कॉम्प्युटरचा आहे. त्याच्यावर तर मांडणी नावाची चीजच नाही.

१६ मार्च, रात्रीच्या जेवणानंतर (घरच्या कॉम्प्युटरवर. इथेही चार भाग केले. भावोजींनी पुन्हा एक केला.)

मी मेसेज वाचत नाही म्हणून मॅडमनी थेट घरी फोन केला! मी आंघोळीत. ताईने उचलला. बाहेर येऊन पाहतो तर दोघी बोलतायत, बोलतायत. माझं कौतुक इतका वेळ चालेल असं वाटलं नव्हतं.

ताई म्हणाली, कुणी एक म्हातारे निळ्या बॅगेसाठी रोज फोन करतात. त्यांचं कानात घालायचं मशीन त्यात आहे. गोदामात निळ्या बॅगा तीन, त्यातली कुठली यात मॅडम अडकल्या होत्या. ताईने विचारलं, म्हातारे तक्रारीत पट्टा तुटलाय म्हणतात, मग गाठ मारलेली कुठली? सापडली लगेच. याला नवशिक्याचं नशीब म्हणतात.

मग मी ताट, वाटी, तांब्या मांडून तिला चौथाई दाखवली. म्हणाली, अरे, पण यात लोकांना त्यांच्या बॅगा मिळाल्या का? म्हटलं, ताई, तू मूळ मुद्दाच सोडतेस.

नंतर मागच्या खोलीत जाऊन आडवा झालो, तर भावोजी टेप घेऊन आले. म्हणाले, राजे, पाय जरा आवरता का, भिंत मापायचीय.

२० मार्च

दुसरी स्क्रीन मिळावी म्हणून अर्ज केला. मॅडम म्हणाल्या, एकीवर काम करून दाखव. संकुचित वृत्ती.

ताई आज ऑफिस बघायला आली. भाऊ कुठे बसतो ते पाहायचं असेल. टकटकच्या शेजारी खुर्ची ओढून बसली ती दुपारपर्यंत. माझ्याकडे एकदा पाहून हात हलवला. बरीच वर्षं घरात बसलेली बाई, तिला चार माणसांत बरं वाटतं. मी मोठ्या मनाने बसू दिलं.

२७ मार्च

मॅडम पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. एक जोडी लावून दाखव म्हणाल्या. दाखवली. म्हणाल्या, 'पक्की करा' दाब. म्हटलं, ते अपडेटमध्ये काढलंय. त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि ही रोजनिशी, हीच, बाजूला ओढली. खाली बटण. चांगलं जाडजूड.

तीन तारखेपासूनच्या माझ्या सगळ्या जोड्या नुसत्या जतन. पक्की एकही नाही. काका खाली उगाच बोंबलत नव्हते, असं टकटक म्हणाली. तिला कुणी विचारलं होतं?

वर मॅडमनी रोजनिशी वाचली. बसच्या आवाजाची ओळ तर मोठ्याने. मी स्पष्ट सांगितलं, महत्त्वाचं बटण कोपऱ्यात ठेवणाऱ्याची ही चूक आहे. मॅडमनी माऊस परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, महिनाअखेरीला बोलू.

विचार केला. काढायचं असतं तर तिथेच काढलं असतं. बोलू म्हणजे पद्धत पटली आहे. माझी मांडणी त्यांनी आजवर इतक्या जवळून पाहिलीच कुठे होती?

३१ मार्च, सकाळी

लवकर आलो. सगळं नव्याने मांडलं. रोजनिशी आता डावीकडे, वर. बटण मोकळं. कुणी म्हणू नये की हा माणूस शिकत नाही.

मॅडम येऊन सांगून गेल्या, आजपासून एक नवीन माणूस घेतलाय, काम दाखवायचंय. म्हटलं, आनंदाने, पण आधी चौथाई शिकवीन, मग बटणं. तोवर त्या दाराकडे वळल्या होत्या. मोठ्या पदाची बातमी अशीच गुपचूप देतात. टकटकने आज माझ्याकडे पाहिलंही नाही. जळतेय.

भावोजींना संध्याकाळी काय सांगायचं ते पाठ करतोय. 'मला खोली मिळाली' असं नाही. 'मी खोली ठेवून घेतोय' असं.

दार उघडलं. काका आत येताहेत, चक्क हसत, मागे कुणाला तरी वाट दाखवत. नवीन माणूस आलं वाटतं.

ताई आहे. गळ्यात नवं कोरं ओळखपत्र. मॅडम पुढे होऊन तिला सरळ माझ्याच टेबलाकडे आणताहेत.

ताई म्हणते, ऊठ.