लांबचा खडक

क्लिपबाय
१७ जानेवारी १९९३

प्रिय गर्शनदादा,

तुझं पत्र आणि बाबांसाठीचं पांघरूण पोचलं. खाणीत खोकला वाढलाय म्हणतोस, छातीला तेल चोळत जा. इकडे वारा थांबायचं नाव घेत नाही. बाबांच्या पोटात आता चहासुद्धा टिकत नाही. डॉक्टरांनी हात टेकले.

नाताळापासून त्यांचा एकच धोशा होता. "नेव्हिल, एक गालयून मासा आण रे. निखाऱ्यावर भाजलेला. मग खुशाल मरतो." आता या महिन्यांत गालयून धरायला बंदी, तुला ठाऊकच आहे. तरी आपला धाकटा नेव्हिल निघाला. किनाऱ्यावर मासेमारी खात्याच्या साहेबानं हटकलं, "राष्ट्रीय मासा आहे तो. तुझ्या बापाचा नाही!"

"बापालाच हवाय, साहेब."

साहेब हसला, पण गळ काढून घेतला.

मंगळवारी सकाळी आपोलिसकाकांचा गळ मागून तो लांबच्या खडकावर गेला. तिथे साहेब येत नाही. आपल्यातलंही कुणी जात नाही. तिथली लाट माणसाला ओढून नेते, ते तुला काय सांगू?

दुपारी काका मागच्या दारानं आले. हातात नेव्हिलची पिशवी, आत मासा. "पोरी, खडकावर एवढंच होतं," म्हणाले, आणि भिंतीला धरून उभे राहिले.

आतून बाबांनी विचारलं, "लव्होना, आणला का गं त्यानं?"

मी "हो" म्हटलं.

आणि तो मासा मी भाजला, दादा. मधोमध चिरून, आई भाजायची तसा. हात जरासुद्धा थरथरले नाहीत, त्याचंच मला भय वाटतं. बाबांनी अर्धी बाजू खाल्ली, बोटं चाटली. खाल्लेलं पोटात राहिलं. म्हणाले, "लबाड! साहेबाला भिऊन लपलाय वाटतं?"

"हो बाबा, लपलाय."

त्याला शोधत होड्या शनिवारपर्यंत फिरल्या. काल रिकाम्याच ओढून वर घेतल्या. शेजारणी येतात, तोंड दाबून रडतात नि चपला हातात घेऊन जातात. बाबांना वाटतं, घरात कुणी नाही. आज म्हणाले, "त्याला सांग, मी रागावलो नाही. समोर ये म्हणावं."

पाद्री सांगायला तयार आहेत. मीच थांबवलंय. सुट्टी मिळो न मिळो, तू ये. खरं सांग, नाहीतर माझ्यासारखं खोटं बोल. पण त्या खोलीत माझ्याशेजारी बस.

अजून रडायला न मिळालेली,
तुझी बहीण
लव्होना