पेटीच्या फळ्या

२२ मार्च, शनिवार

ज्वारीचं पोतं पडलं! बरं झालं, पोतंच होतं.

कानिफनाथची मासेमारीची फायबरची होडी ट्रेलरवर घालून आमच्या ओट्याला आणून लावली होती. बायकोच्या, रोझीच्या, जागी म्हणून पोतं आत ठेवलं. जीपनं ट्रेलर जरा हलवला मात्र, होडी रोलरवरून सुळकन मागं सरकली, कलली आणि पोतं धाडकन खाली. रोलर असतातच त्यासाठी. एकट्या माणसाला होडी पाण्यात ढकलता यावी म्हणून. आत कुणी बसलेलं असेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

कानिफनाथ म्हणाला, "दाजी, धा मानसं बोलावतो. ताईला उचलून घिऊ."

मी नको म्हणालो. त्याला आठवत नाही का?

२३ मार्च

मला आठवतं. झटका आला आणि रोझीचं डावं अंग गेलं, त्याच्या पुढच्या ईस्टरची गोष्ट. चौघांनी तिला गाळातून उचलून होडीकडं नेलं. एकाचा पाय रुतला आणि सगळेच कोसळले. तिची साडी वर गेली, तोंडात गाळ गेला, सगळी मंडळी बघत उभी. होडी गेली, आम्ही दोघं घरी आलो. अंग धुताना एवढंच बोलली — "परत मला मानसांत उचलायचं न्हाई. पोतं न्हाई मी."

जास्मिनची भेट तेव्हा राहिली ती राहिलीच.

जास्मिन आमची मुलगी. अकराव्या वर्षी काविळीनं गेली. धरणात जुनं गाव बुडालं होतं, पण पलीकडच्या टेकाडावरचं आमचं कबरस्थान तेवढं वर राहिलं होतं. तिला तिथं ठेवलं. ईस्टरच्या पहाटे चर्चची मंडळी होडीतून तिकडं जाते, कबरींवर मेणबत्त्या लावते, गीतं गाते. जमिनीवरून जायचं तर नुसते दगड आणि बोराट्या, धडधाकट माणूसही रडकुंडीला येतो.

आज जेवताना रोझी म्हणाली, "यंदा न्या मला. पुढलं कुनी सांगावं? उतरायचंबी न्हाई, होडीतनं दिसती ती."

मी भाकरी मोडत राहिलो. इतक्या वर्षांचा संसार, तिच्या बोलण्यातलं मला कळतं. जास्मिनच्या शेजारची जागा बघून ठेवायची आहे तिला. निरोप घ्यायचा आहे.

२६ मार्च

सुचलं! सुप्याला कारखान्यात जन्मभर फिटर होतो ते उगाच नाही.

रोलर काढून टाकायचे. त्यांच्या जागी लांबीच्या लांब दोन फळ्या बसवायच्या. होडीचं पोट फळ्यांवर टेकलं की ती हलत नाही. ओट्यावरून रोझीची चाकाची खुर्ची सरळ होडीत घ्यायची, बांधायची, आणि जीपनं ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा. पाणी पुरेसं आलं की होडी आपोआप तरंगेल. कुणी तिला उचलायला नको, कुणाचा हात लागायला नको.

कानिफनाथनं तोंड वाकडं केलं. "आन मी रोज एकटा होडी कशी लोटू? फळीवरनं ती सरकती व्हय?"

खरं आहे त्याचं. मासेमारीवर घर चालतं त्याचं. शेवटी ठरलं — ईस्टर झाला की फळ्या काढून रोलर परत बसवून द्यायचे. मी शब्द दिला. "रोझीताई आमच्या गावची लेक, म्हनून करतोय," हेही त्यानं ऐकवलं. म्हणजे माझ्यासाठी नाही!

२९ मार्च

वखारीतून कडुलिंबाच्या फळ्या आणल्या. ओल्या आहेत. रोझीनं ओट्यावरून एक नजर टाकली आणि म्हणाली, "ह्या पिळनार. माळ्यावरच्या घ्या की."

माळ्यावरच्या!

त्या सागवानी फळ्या तिच्या शवपेटीच्या आहेत. झटक्यानंतर तिनंच मला आणायला लावल्या. ऐनवेळी कुणाची धावपळ नको, कसल्यातरी लाकडात मला घालू नका, म्हणून. तेव्हापासून त्यांच्याकडं बघायला लागू नये म्हणून मी माळ्यावर चढतच नाही.

ओरडलो तिच्यावर. शेजारणीनं डोकावून बघितलं.

३१ मार्च

नाही म्हणजे नाही.

३ एप्रिल

लिंबाच्या फळ्या उन्हात पिळल्या. म्हातारीचं खरं झालं.

माळ्यावरच्या खाली काढल्या. ड्रिल घेऊन बसलो, पण हात चालेना. तिच्या पेटीला मी भोकं पाडायची? तिनं बघितलं आणि म्हणाली, "पाडा भोकं. आत काय मला वारं लागनार हाय?"

आणि हसली. आता तिचं हसू एकाच गालावर येतं. मला हसता आलं नाही. घरामागं जाऊन रडलो. लिहून ठेवतो, इथं कोण बघतंय.

७ एप्रिल

फळ्या बसल्या. बोल्टची डोकी लाकडात खोल बुडवली, होडीच्या पोटाला खरचटायला नको. वरून मांडववाल्याकडचा जुना लाल गालिचा ताणून ठोकला. रोझी म्हणाली, "नवरीसाठी अंथरलाय जनू."

पोतं पुन्हा ठेवलं. अंगणात जीपनं मागं-पुढं केलं. पोतं हललं नाही!

१० एप्रिल

धरणावर चाचणी. फजिती!

ट्रेलर नेहमीसारखा उथळ पाण्यात उभा केला आणि दोघं ढकलत बसलो. होडी जागची हलेना. कानिफनाथ घामाघूम होऊन म्हणाला, "बसा आता फळ्या चाटत!" मग डोक्यात उजेड पडला. फळीवरून होडी ढकलायचीच नसते. ट्रेलर आणखी खोल न्यायचा. नेला, तर अलगद सुटली, कुणी हात न लावता.

म्हणजे उतार घट्ट हवा आणि पाणी खोल हवं. दोन्ही आहे.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार, ईस्टरला आठवडा

दोन्ही गेलं.

कालव्याला आवर्तन सोडलं. धरणाचं पाणी भराभर मागं हटलं. आमचा मुरमाचा उतार कोरडा पडला आणि पुढं नुसता गाळ. एवढी जीप घातली तर रुतून बसेल. उपासनेत झावळ्या हलवत सगळे होसान्ना म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर गाळ. तोच गाळ.

घरी येऊन सांगितलं — यंदा जमत नाही. तिनं विचारलं, "पानी किती खाली गेलं? म्हसोबाचा दगड उघडा पडला का?"

पडला होता.

"मंग त्याच्या उजव्या अंगाला बघा. आमच्या जुन्या गावाचा रस्ता हाय. खडीचा. शाळंला त्यानंच जायचो आमी."

१४ एप्रिल

कानिफनाथ आणि मी पहार घेऊन गेलो. दगडाच्या उजवीकडं वीतभर गाळ, आणि खाली खण्‌कन खडी! तसाच पुढं पाण्यात उतरत गेलेला रस्ता. कानिफनाथनं टोपी काढली. त्याचे आजा-पणजा याच रस्त्यावरून चालले होते.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गाळ खरडून झाला. हात भरून आलेत. तिनं पांढरी साडी काढून ठेवली आहे. मला ती साडी बघवत नाही.

२० एप्रिल, ईस्टर

गेलो.

ओट्यावरून खुर्ची होडीत. होडी तसूभरही हलली नाही. जीपच्या मागं, होडीत बसून, रोझी गावातून निघाली. लोक दारात येऊन हात जोडत होते आणि ती उजव्या हातानं सगळ्यांना नमस्कार करत होती. जुन्या रस्त्यावरून ट्रेलर पाण्यात उतरला. पाणी फळ्यांना लागलं, मग गालिच्यावर आलं. मी होडीतच, तिची खुर्ची धरून बसलो होतो. रोझी म्हणाली, "सुटली." मला कळायच्या आधी तिला कळलं.

टेकाडाच्या कडेला होडी लावली. जास्मिनचा क्रूस अगदी वर, काठावर. मी चढून मेणबत्ती लावली. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं माझं लक्ष सारखं जात होतं. वाटलं, आता विचारेल, आता म्हणेल — इथं.

तिनं तिकडं बघितलंही नाही. होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडून गीत म्हणत बसली होती, अर्ध्या ओठांनी, पण सगळ्यांच्या वर आवाज. मग लेकीला मोठ्यानं म्हणाली, "जास्मिन, बाबांनी तुझ्या रडून रडून फळ्या ठोकल्यात बघ!"

म्हणजे तिनं बघितलं होतं.

२२ एप्रिल

शब्द दिला होता, म्हणून सकाळीच पाना घेऊन ट्रेलरखाली शिरलो. फळ्या काढायच्या, पुसायच्या, परत माळ्यावर ठेवायच्या. दोन-तीन बोल्ट ढिले केले असतील, तेवढ्यात ओट्यावरून ओरडली —

"अहो, काढताय कशाला? पुढल्या ईस्टरला मला काय परत रोलरवरनं नेनार हाय का?"

पुढल्या ईस्टरला!

बोल्ट आवळून टाकले. आता कानिफनाथच्या पाया पडायला निघालोय.