कान आम्ही दिले

वर्तकनगर, ठाणे
११ ऑक्टोबर २०२५

आदरणीय प्रमोदिनी मॅडम,

सविनय जयभीम.

तुमचा मेल मिळाला. उत्तर मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण जर्नलच्या मेलवर आता कंपनीची माणसंही असतात. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती तुमची आठवण काढते. राजरत्न बरा आहे. साऊंडचं काम सोडलंय त्याने.

तुम्ही लिहिलंत, "रचना, आपला लेख विद्यापीठाच्या खुल्या संग्रहातून काढ. जर्नल प्रकाशन कंपनीने विकत घेतलंय, उगाच तक्रार तुझ्या हॉस्पिटलपर्यंत जाईल." मॅडम, ती गेली. सोमवारी अधीक्षकांनी बोलावलेलं. लेख काढणार नाही, असं त्यांना सांगून आले. तुम्हालाही तेच सांगते.

काय झालं ते ऐका. पावसाळ्यात कल्याणहून कानाच्या डॉक्टर कल्पिता यांचा फोन आला. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला टेकून काम करणारी पोरं त्यांच्याकडे येतात. मालक म्हणतात, यांचे कान आधीपासूनच खराब. कल्पितांनी एका मालकाला अशाच पोरांचे कान तपासून केलेल्या आपल्या अभ्यासाबद्दल सांगितलं आणि दाखवायला जर्नलची लिंक उघडली, तर पान सापडत नाही. मालक त्यांच्या तोंडावर हसला. "असा अभ्यासच नाहीये, डॉक्टर."

तेव्हाच मी तुम्हाला फोन केलेला. तुम्ही म्हणालात, खपतील ते लेख कंपनी वाचायला पैसे लावून ठेवेल, बाकीचे जातील. इतक्या शांतपणे म्हणालात की मी फोन ठेवला आणि आपला लेख विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात टाकला. अठरा वर्षं तुम्हीच ते जर्नल चालवलंत.

वर लिहिलं, राजरत्न बरा आहे. नाहीये. उजव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही, डावाही जात चाललाय. दुसरं काम मिळत नाही, कारण गाडी चालवताना मागचा हॉर्न त्याला कळत नाही. आपण पहिला कान तपासला तो माझ्या या भावाचाच. बाकीच्या पोरांना टेंभी नाक्यावरून समजावून आणलं तेही त्यानेच. तुम्ही त्यांना म्हणालेलात, "तुमची नावं येणार नाहीत, पण हे कुणालाही वाचता येईल." त्या शब्दावर ती पोरं कान तपासायच्या मशीनसमोर बसली.

तुमचा मेल मी त्याला वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "कान आम्ही दिले ना ताई? मग कुलूप त्यांचं कसं?"

त्याचा प्रश्न तुमच्याकडे पाठवतेय. तुम्हाला उत्तर देता येतं का?

लेख छापताना झालेल्या करारात हक्क लेखकांकडेच आहेत. म्हणजे माझ्याकडे आणि तुमच्याकडे. लेख काढायला कंपनीला तुमची सही हवी आहे, हे तुमच्या मेलमध्ये नव्हतं. मला ते विद्यापीठाच्या ग्रंथपालांकडून कळलं. त्याच दिवशी मी आणखी दोन ग्रंथालयांच्या संग्रहांत प्रती ठेवल्या.

कल्पितांनी त्यातली एक छापून मालकांपुढे ठेवली. दोन मालकांनी पोरांची तपासणी करायचं कबूल केलं, इअरप्लगही आणले. बाकीचे अजून ऐकत नाहीत. त्यांनाही ऐकावं लागेल.

आता मी जुन्या अंकांतल्या एकेका लेखकाला गाठणार आहे. होकार देईल त्याचा लेख खुल्या संग्रहात जाईल. सगळे अंक तुमच्या डिस्कवर आहेत. सही त्यांना द्यायची की डिस्क मला, ते तुम्ही ठरवा. नोकरीची भीती मात्र घालू नका. ती मला आहेच, तिच्यासकट करतेय.

आई म्हणते, मॅडमना जेवायला बोलाव. बोलावतेय. सही दिली असलीत तरी या. राजरत्नच्या डाव्या बाजूला बसा आणि ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा.

अजूनही तुमची विद्यार्थिनी,
रचना