टेपांचा मानपान

नाचणगाव

प्रिय प्रेमदासभाऊ,

हिरालालचा रामराम. आष्टीकडे सगळे सुखात असाल. भागीरथाकाकूंचा खुबा कसा आहे? काठी धरून अंगणात येतात, की अजून खाटेवरूनच गल्लीचा कारभार चालवतात? वहिनींना नमस्कार, मयुरीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

मयुरीच्या लग्नाचा व्हिडिओ अजून का आला नाही, असं तुम्ही परवा फोनवर विचारलं. तुम्ही भिडेने हळूच विचारलं, पण मागून काकूंचा आवाज मला स्पष्ट आला (माझे कान अजून तिखट आहेत): "हिराले विचार, मी मेल्यावर दाखवतं का मले नातीचं लगन?" म्हातारी लग्नाच्या दिवशी मोडका खुबा घेऊन दवाखान्यात होती, तिचा हक्कच आहे. पण या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र.

आधी हिशेब. बॅकअपचं नवीन यंत्र मला खरं कितीला पडलं? बिलाचं सोडा, ते कधीच चुकतं केलं. बेडरूममधला एसी गेला, कारण यंत्राला गारवा लागतो. ("यंत्राले गारवा अन् मले उकाडा. पुढच्या जल्मी मले मशीनच कर म्हणा देवाले," इति आमच्या सौ. सुलोचनाबाई.) देवघरालगतची खोली गेली, तिथल्या फळीवरच्या बरण्या गेल्या, आणि तेव्हापासून माझ्या ताटात सगळं वाढलं जातं, लोणचं तेवढं वाढलं जात नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, पुलगावात मी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर पासपोर्ट फोटो काढत होतो. आज देवळी-आर्वीपर्यंतचे फोटोग्राफर लग्नांचं शूटिंग मिक्सिंगला माझ्याकडे आणून टाकतात. ते सर्व्हरवर राहतं; सर्व्हर भरला की टेपवर जातं. हो, टेपच. जुन्या कॅसेटची चुलत बहीण, पण अख्ख्या घराण्याची कार्यं एकटी पोटात घेते. यंत्र म्हणजे लोखंडी कपाट. खणांत टेपा उभ्या, मध्ये एक यांत्रिक हात. प्रत्येक टेपेच्या पाठीवर बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी रेघारेघांची चिठ्ठी, खाली नंबर. हात चिठ्ठी वाचतो, हवी ती टेप काढतो, काम झालं की परत ठेवतो. पंगतीतल्या वाढप्यासारखाच, फक्त ओळखीच्या माणसाला दोन जिलब्या जास्त टाकत नाही. मी जिल्हाभर सांगत सुटलो की हिरालालच्या यंत्रात गेलेलं लग्न यमालाही पुसता येणार नाही.

पहिल्या दिवशी हात हललाच नाही. नारळ फोडला, उदबत्ती लावली, कंपनीच्या माणसाला फोनवर शिव्या घातल्या. शेवटी आमच्या कॉम्प्युटरवाल्या समीक्षाने वाटेत धक्के बसू नयेत म्हणून लावलेली खिट्टी काढली आणि हात सुरू झाला. (नारळ वाया गेला नाही, चटणी झाली.)

मग माजी सभापती नानाजी यंत्र बघायला आले. त्यांच्या घराण्याची टेप सगळ्यात खाली, आणि बरोबर तिच्या वर बँडवाल्याची. नानाजींचा चहा अर्धा राहिला. "काऊन जी हिरालाल, आमाले याच्या खाली बसवलं? वरातीत तरी हा आमच्या मोरं चालते का?" (चालतो की. बँड पुढेच असतो. पण हे मी मनात म्हटलं.) प्रेमदासभाऊ, पहिला फेटा कोणाला आणि शेवटची टोपी कोणाला, हे न कळल्यामुळे मोडलेल्या बैठका मी कॅमेऱ्यातून पाहिल्या आहेत. यंत्राला मानपान कळत नसेल, मला तर कळतो. नुसता खण बदलून भागेना. नानाजींना चिठ्ठीवरचा नंबर एक हवा होता. समीक्षा सुट्टीवर. मी चहाच्या किटलीची वाफ धरून साऱ्या चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे पुन्हा चिकटवल्या. नानाजी एक, व्यापारी संघाचे अध्यक्ष दोन. तुम्ही तर माझे बालमित्र, तुम्हाला तीन. तो नंबर एका कोऱ्या टेपेचा होता, म्हणून कोणाची खुर्चीही काढावी लागली नाही.

त्याच संध्याकाळी यंत्राला नवं शूटिंग भरायचं होतं. पडद्यावर प्रश्न आला: या टेपेवर आधीच काहीतरी आहे, पुसू का? आता बँक असो, तहसील असो, मी जन्मभर समोरच्याला एकच विचारत आलो आहे, की सही कुठे करू. मी 'होय' दाबलं. हात तुरुतुरु चालला, हिरवा दिवा लागला, आणि मी निवांत झोपलो.

समीक्षाने आल्यावर एकेका चिठ्ठीवर बोट ठेवत सांगितलं, "काका, टेप कोणत्याबी खणात ठेवली असती तरी त्यानं वाचून हुडकली असती जी. तुमी तिचं नावच बदलवून टाकलं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

उशीर होण्याचं कारण हे असं आहे. घरच्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुमचा,
हिरालाल

ता. क. कोरी समजून यंत्राने जी टेप पुसली, ती तुमची. मयुरीच्या लग्नावर आता नानाजींच्या नातवाचं बारसं आहे. सर्व्हरवरचं मी आधीच काढून टाकलं होतं, टेपवर आहे ना, म्हणून.

आणखी ता. क. माझ्या मागच्या आवारात मांडव घालतो. येत्या रविवारी मयुरीने शालू नेसून आणि जावईबापूंनी दाढी उतरवून यावं. भटजी, अंतरपाट, जेवण माझ्याकडे. काकूंना गाडी पाठवतो, पहिल्या खुर्चीवर बसवू. पडद्यावर कशाला, लग्न समोरच बघतील. तोवर त्यांना 'मिक्सिंग चालू आहे' एवढंच सांगा. मयुरीला म्हणावं, पाठवणीत यावेळी खरं रड. मागच्या वेळी हसत होती, मला ते कापावं लागलं होतं.

शेवटचा ता. क. आमच्या चिरंजीव गजेंद्रच्या लग्नाचं शूटिंग सुखरूप आहे. ते मी यंत्रात कधी टाकलंच नव्हतं. तांदळाच्या डब्यात आहे.