लाल पेन आणि ठमीची पत्रं

३ जून, रात्री ९.
संकल्प: महिन्याभरात ठमीचं इंग्रजी सुधारणे. कन्यारत्न पहिल्या नोकरीसाठी परगावी गेलं आणि चार पानी ई-मेल पाठवला. इंग्रजीत! कॉमे मूठ भरून उधळलेले. अपॉस्ट्रॉफी नको तिथे हजर, हवा तिथे रजेवर. चुका ३१. ऑफिसात प्रिंट काढून लाल पेनाने तपासला, फोटो पाठवला. शेरा: ‘प्रयत्न करावा.’ आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची मुलगी आहे, शोभायला नको?

९ जून.
दोन पानं. चुका १४. निम्म्याहून कमी! सौ. म्हणाली, पत्रही निम्मंच झालंय. तिला आकडेवारीतलं कळत नाही.

१५ जून.
पाऊण पान. नव्या खोलीला खिडकी आहे, एवढाच मजकूर. चुका ५. साहेबांना अभिमानाने दाखवलं. त्यांचंही एक पत्र न मागता तपासून दिलं. चुका २३. तेव्हापासून साहेब मला पाहून वाट बदलतात. भारावले असावेत.

२२ जून.
‘फाइन.’ एवढंच पत्र. चुका शून्य!! फुलस्टॉपसुद्धा जागच्या जागी. शेजारच्या मास्तरांना माझी पद्धत फुकट शिकवतो म्हटलं. त्यांचं दार आपटलं. वारा असणार.

२९ जून.
पत्र नाही. नेट बंद असेल.

४ जुलै, दुपारी.
सौ. फोनकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ठमीचं पत्र. मराठीत. रोज येतं म्हणे! करपलेली भाजी, कजाग घरमालकीण, दोनदा आलेलं रडू, सगळं त्यात. मला आपली फक्त खिडकी माहीत. शेवटी लिहिलंय, ‘बाबांना दाखवू नकोस गं, ते तपासत बसतील.’
जेवण अर्ध्यावर टाकून उठलो.

५ जुलै.
संकल्प: लाल पेन कपाटात. ठमीला स्वतः दोन पानं लिहून फोटो पाठवले, इंग्रजीतच. तुझी आठवण येते, एवढ्या वाक्याला चार खाडाखोडी. व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही. मला कशाला लागतंय!

७ जुलै, संध्याकाळी.
माझं पत्र फोनवर परत आलं. लाल रंगात तपासलेलं. चुका ४२. शेरा: ‘प्रयत्न करावा.’
सोबत ठमीची सहा पानं. मराठीत, माझ्या नावाने. चारदा वाचली. एकही चूक शोधली नाही.
तिसऱ्या पानावरच्या दोन आपोआप दिसल्या.