बासमतीतला वास

पेडणे,
रविवार

चि. रुद्रेशला ताईचा आशीर्वाद, आणि बंदरावर राबणाऱ्या तुझ्या कमरेला वेगळा आशीर्वाद. (कंबर कशी आहे? फोनवर तू नेहमी "बरी" म्हणतोस, म्हणून कागदावर विचारते.)

आमच्याकडे एका शब्दावरून घरात दोन तट पडले आहेत. सासूबाई गेल्यापासून मामंजी बोलणेच विसरले होते, हे तुला माहीत आहे. हाक मारली की मान हलवायची, वाढले की जेवायचे, इतकेच. गेल्या आठवड्यात ह्यांनी साखळीच्या बाजारातून बासमती आणला. मी भात वाढला आणि सहज विचारले, "मामंजी, वास छान येतो ना?"

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मासळीच्या कालवणाकडे बोट दाखवून म्हणाले, "वास ह्या नुस्त्याक येता. भाताक परमळ येता!"

एवढ्या दिवसांनी आवाज फुटला, तो असा. मी (जरा मास्तरणीच्याच सुरात) सांगितले, की नावच वासावरून पडले आहे. उत्तरेकडे वासाचा बास होतो, मती म्हणजे असलेली. वास असलेली ती बासमती. झाले! मामंजींचे म्हणणे, शेतकरी आपल्या पिकाला असली शिवी देईलच कशी? उकड्या भातावर वाढलेल्या कुणा शहाण्याने हा मिळमिळीत तांदूळ चाखला, पहिल्याच घासाला "बास" म्हणाला आणि आपली मती शाबूत ठेवली, ही त्यांची व्युत्पत्ती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल अडवून त्याचे मत घेतले. (पाव गार होत होते, त्याने मामंजींचीच बाजू घेतली.) देवळातले भटजी मात्र माझ्या बाजूचे निघाले. तेव्हापासून मामंजी तीर्थ घेताना त्यांच्याकडे बघत नाहीत.

काल मी दमले. जेवताना म्हटले, "मामंजी, तुमचेच खरे." ते माझ्याकडे बघत राहिले, मग ताटाकडे. पुढे एक शब्द नाही. भांडी घासताना मला रडू आले.

म्हणून आज चहा देताना मीच पुन्हा सुरू केले, "पण भटजी म्हणत होते..." चहा सांडला, मामंजी कडाडले, "भटाक भातातला काय कळता? जानकीन तुका बरोबर सांगल्यान असता..." आणि थांबले. सासूबाई गेल्यापासून मामंजींच्या तोंडी त्यांचे नाव पहिल्यांदा आले. त्यांनी डोळे पुसले आणि परत माझ्यावर ओरडायला लागले.

तुझी,
विनिताताई

ता. क. पुढच्या रविवारी राहायलाच ये. मी एकटी त्यांना पुरत नाही.

आणखी ता. क. आल्याबरोबर पाया पड आणि म्हण, की तुम्ही दोघेही चुकलात, बासमती हा पोर्तुगीज शब्द आहे. साफ खोटे आहे, पण हसू नकोस. बाकीचे ते बघून घेतील.